एका फळ्यासमोर दहा हजार मास्तर

फेराइटची एक कडी. व्यास जेमतेम काही मिलिमीटर. तिच्यातून केसासारख्या बारीक तारा ओवलेल्या. तारेतून वीज एका दिशेने गेली की कडी एका बाजूने चुंबकित होते, उलट दिशेने गेली की दुसऱ्या बाजूने. वीज बंद केली तरी ती आपली बाजू सोडत नाही. एक बाजू म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. तिला लक्षात ठेवता येतं ते एवढंच. अशा कड्यांची जाळी विणायची, जाळ्यांवर जाळ्या रचायच्या, की झाली संगणकाची स्मृती.

सोव्हिएत संघात १९६० च्या दशकात घडलेल्या मिन्स्क-२ या संगणकाच्या मूळ घडणीत ४,०९६ शब्द मावत आणि दर शब्द ३७ बिटांचा. गुणाकार केला तर १,५१,५५२ बिट होतात, म्हणजे निदान तेवढ्या कड्या. आजच्या मापात हे १९ किलोबाइटसुद्धा भरत नाही. सकाळी मोबाइलवर येणारं ‘शुभ प्रभात’चं फुलांचं चित्र त्यात बसणार नाही. पण याच स्मृतीच्या जोरावर ते यंत्र सेकंदाला पाच-सहा हजार क्रिया करायचं आणि पुलांची, धरणांची, विजेच्या जाळ्यांची गणितं सोडवायचं.

मिन्स्क-२ मुंबईला पवईच्या आयआयटीत होता. ही संस्था १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने सुरू झाली, त्यामुळे तिथे यंत्रंही बरीचशी तिकडून आली. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग तेव्हा नव्हता, त्यासाठी ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. अशा काळात, १९६९ साली इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक तरुण पवईत दाखल झाला. नाव दीपक फाटक. १९७१ साली एम.टेक. झालं, त्याच वर्षी तो तिथेच शिकवायला लागला, पीएच.डी.ही तिथेच केली आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं त्याच आवारात काढली. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज ते ‘फाटक सर’ आहेत. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इंदूर ते पवई या प्रवासाची एक वाट आमच्या बऱ्हाणपुरावरून जाते, म्हणून इथून या माणसाकडे पाहताना थोडं जवळचं वाटतं. त्या काळी इंदूरहून महूमार्गे मीटरगेजची गाडी घाट उतरून खंडव्याला यायची आणि तिथे ब्रॉडगेजची मुंबईकडची गाडी पकडली की बऱ्हाणपूर, भुसावळ करत ती सह्याद्री ओलांडायची. दुसरी वाट रतलामवरून. फाटक कोणत्या वाटेने गेले ते महत्त्वाचं नाही. नेमाड आणि खानदेशातल्या हुशार पोरांना मात्र आजही याच दोन दिशा दिसतात: वर इंदूर, खाली मुंबई-पुणे. जाणारे जातात. गावातल्या महाविद्यालयात जे उरतात त्यांना कोण शिकवणार? फाटकांच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत थक्क करणारं काम याच प्रश्नाभोवती उभं आहे. पण त्याआधी ते स्वतः काय शिकवत होते ते पाहायला हवं, कारण त्या विषयाचा स्वभाव पुढच्या कामातही उतरला आहे.

त्यांचा विषय डेटाबेस, म्हणजे मोठमोठ्या माहितीसाठ्यांची शिस्त. नाव रुक्ष आहे, आत मात्र कमालीची सुंदर कल्पना आहे. बऱ्हाणपुरात मावा जिलेबी घेतली, दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन केला, २०० रुपये पाठवले. दोघांची खाती एकाच बँकेत आहेत असं धरू. बँकेच्या संगणकाला दोन कामं करायची आहेत: तुमच्या खात्यातून २०० वजा आणि दुकानदाराच्या खात्यात २०० जमा. पहिलं काम झालं आणि त्याच क्षणी वीज गेली तर? तुमचे पैसे गेले, त्याला मिळाले नाहीत. २०० रुपये हवेत विरले.

हे होऊ नये म्हणून संगणक खात्याला हात लावण्याआधी एका वहीत लिहून ठेवतो: अमुक व्यवहार सुरू, या खात्यात आधी इतके होते, आता इतके होतील, त्या खात्यात आधी इतके, आता इतके. सगळं लिहून झालं की शेवटी ‘व्यवहार पक्का’ अशी एक ओळ. ही वही विजेबरोबर पुसली न जाणाऱ्या डिस्कवर असते. वीज परत आली की संगणक आधी वही उघडतो. ज्या व्यवहाराखाली ‘पक्का’ लिहिलेलं आहे तो पुन्हा पूर्ण करायचा, ज्याच्याखाली नाही त्याच्या सगळ्या खुणा पुसून खाती पूर्वीसारखी करायची. अर्धवट असं काही उरतच नाही. एक तर दोन्ही कामं झालेली असतात, नाही तर एकही झालेलं नसतं. तुमचा पैसा एका ओळीवर तोललेला आहे, आणि ती ओळ लिहिली गेली की मग वीज जावो, यंत्र बंद पडो, व्यवहार टिकतो. दिवसाला कोट्यवधी वेळा हे घडतं आणि आपल्या कपाळावर आठीही पडत नाही.

माहिती तक्त्यांच्या रूपात कशी मांडावी याचं गणित आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं. व्यवहारांच्या या शिस्तीवर जिम ग्रे यांनी जे काम केलं त्यासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. म्हणजे फाटक शिकवायला उभे राहिले तेव्हा हे शास्त्र नुकतं रांगायला लागलं होतं. पुस्तकं यायची होती, यंत्रं तोकडी होती. सत्तरच्या दशकात पवईत सोव्हिएत बनावटीचंच ईसी-१०३० हे मोठं यंत्र आलं. त्या पिढीच्या प्राध्यापकांनी स्वतः शिकत शिकत विद्यार्थ्यांना शिकवलं आणि तेच विद्यार्थी पुढे भारतातल्या बँका, शेअर बाजार, सॉफ्टवेअर कंपन्या संगणकावर आणायला गेले. फाटकांनीही संस्थांना मोठ्या माहितीसाठ्यांबद्दल सल्ला देण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. वर्गातला विषय आणि बाजारातली गरज यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत घातली नाही.

नव्वदच्या दशकात ते संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मग माजी विद्यार्थ्यांकडून आणि उद्योगांकडून संस्थेसाठी पाठबळ उभं करण्याचं पद आयआयटीत नव्याने निर्माण झालं, त्याचे ते पहिले अधिष्ठाता. प्राध्यापक माणसाला पैसे मागणं जड जातं. पण संशोधनाचं नेतृत्व करायचं तर निबंध लिहिण्याइतकंच हेही काम असतं: कुणाच्या तरी देणगीतून इमारत उभी करायची, चांगली माणसं आणायची, त्यांना मोकळं सोडायचं. आयआयटीचेच माजी विद्यार्थी आणि अमेरिकेत एक्सेलन ही कंपनी काढलेले कंवल रेखी यांच्या देणगीतून पवईत माहिती तंत्रज्ञानाचं स्वतंत्र विद्यालय सुरू झालं, केरेसिट. फाटक त्याचे पहिले प्रमुख. १९९९ च्या सुमारास तिथेच एक नवी गोष्ट सुरू झाली. विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना स्वतःची कंपनी काढायची असेल तर जागा, यंत्रं आणि मार्गदर्शन द्यायचं. आज ‘स्टार्टअप’ हा शब्द तालुक्याच्या गावातही ऐकू येतो, पण तेव्हा सरकारी संस्थेच्या आवारात कंपनी जन्माला येणं हे अनेकांना पचणारं नव्हतं. त्या छोट्या प्रयोगातूनच पुढे २००४ साली ‘साइन’ ही आयआयटी मुंबईची उद्योजकता संस्था उभी राहिली.

इथवरची कारकीर्दही एखाद्याला पुरेशी वाटली असती. पण आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

नव्वदीनंतर देशभर अभियांत्रिकी महाविद्यालयांचं पीक आलं. इमारती झाल्या, प्रयोगशाळांत संगणक आले, जागा भरल्या. शिकवायला माणसं कुठून आणायची? ज्याला विषय पक्का कळतो त्याला कंपन्या दुप्पट-तिप्पट पगार देत होत्या. मग कालच पदवी घेतलेला मुलगा आज वर्गात उभा राहायचा. त्याची निष्ठा कमी नव्हती. त्याला कुणी शिकवायला शिकवलं नव्हतं, इतकंच.

शिकवायला शिकणं म्हणजे नेमकं काय, ते एका ओळीत दाखवता येतं. प्रोग्रामिंगच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर ही ओळ येते:

क = क + १

बारावीपर्यंत गणित मन लावून केलेला मुलगा ही ओळ पाहतो आणि थबकतो. दोन्ही बाजूंतून क वजा केला तर ० = १ उरतं. हे कसं शक्य आहे? हुशार मुलगाच इथे जास्त अडतो, कारण त्याचं बीजगणित पक्कं असतं. त्याला सांगावं लागतं की हे समीकरण नाही, ही आज्ञा आहे. ‘क’ नावाच्या जागेत आता जो आकडा आहे तो वाच, त्यात एक मिळव आणि उत्तर पुन्हा त्याच जागेत ठेव. जुना आकडा गेला, नवा बसला.

आता पुढचं पाऊल. ‘क’मध्ये ५ आहे, ‘ख’मध्ये ९. दोघांची अदलाबदल करायची. बहुतेक मुलं लिहितात:

क = ख
ख = क

पहिल्या ओळीनंतर ‘क’मध्ये ९ आले. ५ कुठे गेले? पुसले गेले. दुसरी ओळ आता ‘ख’मध्ये पुन्हा ९ च ठेवते. दोन्हीकडे ९. मुलाला वाटतं संगणक बिघडला. उत्तर असं की तिसरी जागा लागते: आधी ५ तिथे बाजूला ठेवायचे, मग ९ हलवायचे, मग ५ परत आणायचे. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मुलं पाठही करतात. पण चांगला शिक्षक उत्तर आधी सांगत नाही. तो मुलाला चुकीची ओळ लिहू देतो, प्रत्येक ओळीनंतर दोन्ही जागांत काय आहे ते कागदावर मांडायला लावतो, आणि ५ नाहीसे होतात तो क्षण मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देतो. त्यानंतर तो मुलगा ती चूक सहसा करत नाही. आणि कळत नकळत त्याला हेही उमगलेलं असतं की संगणक क्रमाने, एका वेळी एक आज्ञा पाळतो, आपल्या मनातलं ओळखत नाही.

विद्यार्थी कुठे अडखळतो हे ठाऊक असणं म्हणजे शिकवणं. ही जाण वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून येते, आणि ती नव्या शिक्षकाकडे जाण्याचा रस्ता एकच: आधीच्या चांगल्या शिक्षकाला शिकवताना पाहणं. आयआयटीतल्या मुलांच्या नशिबी ते होतं, गावातल्या महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या नव्हतं.

२००९ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण पोचवण्याचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यातून आयआयटी मुंबईत फाटकांच्या नेतृत्वाखाली शिक्षकांसाठीचा कार्यक्रम उभा राहिला. पुढे त्याच्या नावातच दहा हजार शिक्षक आले. एका वेळी दहा हजार शिक्षकांना शिकवायचं! नाव ऐकून एखाद्याला ही घोषणाबाजी वाटेल. त्यामागचा हिशोब मात्र साधा आणि बिनतोड आहे. दहा हजार विद्यार्थ्यांना शिकवलं तर दहा हजारच शिकतील. दहा हजार शिक्षकांना शिकवलं आणि त्यांतल्या प्रत्येकासमोर दरवर्षी साठ मुलं बसत असतील तर एका वर्षात सहा लाखांपर्यंत ते पोचतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्या सहा लाखांपर्यंत. गुणाकाराचं चिन्ह कुठे ठेवायचं हे ज्याला कळलं त्याला अभियंता म्हणावं.

पण दहा हजार लोकांना नुसतं भाषण ऐकवणं सोपं आहे, ते दूरदर्शनही करतं. अवघड होतं ते दोन्हीकडून बोलणं. आधी एडुसॅटचा अनुभव होता. शिक्षणासाठीच बनवलेला हा इस्रोचा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला आणि आयआयटी मुंबईतले वर्ग त्यावरून दूरच्या महाविद्यालयांत दिसू लागले. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, तेव्हाच तो पृथ्वीबरोबर फिरत आपल्याला आकाशात एका जागी दिसतो. पवईतून निघालेला आवाज वर जाणार, खाली येणार: ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पाव सेकंद लागतो. दूरच्या वर्गातून कुणी प्रश्न विचारला की तो पाव सेकंदाने पोचतो, उत्तर परतायला आणखी पाव सेकंद. सह्याद्रीच्या या बाजूचा प्रश्न त्या बाजूच्या पवईला जाताना आधी अवकाशात जाऊन येतो! संभाषणात अर्धा सेकंद थांबणं म्हणजे फारसं काही नाही, पण दोघं एकदम बोलू लागले की गोंधळ होतो. म्हणून बोलण्याची शिस्त लावावी लागते.

नव्या कार्यक्रमात जमिनीवरून जाणारं इंटरनेट आणि अमृता विद्यापीठाने बनवलेली ‘ए-व्ह्यू’ ही प्रणाली वापरली गेली. दूरच्या केंद्रातल्या शिक्षकाला शंका आली की तिथून हात वर केल्याची खूण करायची, पवईतले प्राध्यापक त्या केंद्राला निवडायचे आणि त्या शिक्षकाचा चेहरा व आवाज सगळ्या केंद्रांत एकदम दिसायचा-ऐकू यायचा. आज घरोघरी असे कॉल चालतात. २००९-१० साली, भारतातल्या तेव्हाच्या जोडण्यांवर, अनेक ठिकाणी एकाच वेळी हे जमवणं ही नुसती बटण दाबायची गोष्ट नव्हती.

तरीही मला यातली खरी करामत तंत्रज्ञानात दिसत नाही, ती रचनेत दिसते. प्रत्येक केंद्रात त्या विषयाचा एक समन्वयक शिक्षक असायचा. मुख्य कार्यशाळेच्या आधी हे सगळे समन्वयक आठवडाभर पवईला येऊन प्रत्यक्ष समोरासमोर तयारी करायचे. मग दोन आठवड्यांची मुख्य कार्यशाळा, भारतीय तंत्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयएसटीईच्या सहभागाने. पवईतून थेट व्याख्यानं व्हायची आणि प्रयोग व उदाहरणं सोडवण्याचं सत्र प्रत्येक केंद्रात तिथला समन्वयक घ्यायचा. म्हणजे पडद्यावरचा माणूस दूर असला तरी चूक दाखवायला कुणीतरी शेजारी उभं असायचं.

बऱ्हाणपूरच्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याच्या डोंगरांतून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवलं आणि भुयारातून शहराकडे वळवलं. ना मोट, ना रहाट. नुसता उतार. पण लांबलचक बंद भुयार खणून भागत नाही. म्हणून ठराविक अंतरावर जमिनीपासून भुयारापर्यंत विहिरीसारखी कुंडी, अशा शंभरावर कुंड्या. प्रत्येक कुंडीतून उजेड येतो, हवा खेळते, माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो. एखादी बुजली तर कुठे बुजली ते कळतं. चारशे वर्षांनी आजही तिथे पाणी वाहतं. फाटकांच्या योजनेतले समन्वयक म्हणजे या कुंड्या. पवईहून निघालेलं ज्ञान एका दमात शेवटच्या मुलापर्यंत पोचेल अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. वाटेत जागोजागी उघडं तोंड ठेवलं, जिथे कुणीतरी आत डोकावून पाहील.

आणि ते पाणी फक्त प्रोग्रामिंगचं नव्हतं. उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स, संशोधनपद्धती असे विषय येत गेले. डेटाबेसची कार्यशाळा प्रा. एस. सुदर्शन यांनी घेतली. सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं डेटाबेसचं पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यापीठांत लागतं, त्यातले हे सुदर्शन. ज्या पुस्तकातून आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो त्याच्या लेखकालाच, आपल्या महाविद्यालयात बसून, ‘सर, हे मला नीट कळलं नाही’ असं विचारता येणं! लहान गावातल्या शिक्षकासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मोठ्या शहरातल्या माणसाला सहज कळणार नाही.

मधल्या काळात ‘आकाश’ आला. स्वस्त टॅब्लेट, कपिल सिब्बल मनुष्यबळ विकास मंत्री असताना ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचं अनावरण झालं. सुरुवातीला आयआयटी राजस्थानकडे असलेला प्रकल्प २०१२ मध्ये आयआयटी मुंबईकडे आला. पहिल्या आकाशावर टीका भरपूर झाली आणि ती रास्त होती: ३६६ मेगाहर्ट्झचा संथ प्रोसेसर आणि जोर लावून दाबावा लागणारा पडदा. ‘आकाश २’चं अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झालं. त्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा होता. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. मिन्स्क-२ च्या कड्यांशी तुलना केली तर स्मृती सुमारे २८,००० पट. ते यंत्र खोली व्यापायचं, हे दप्तरात मावत होतं. दोन्ही यंत्रं एकाच आवारात येऊन गेली.

घोषणा जेवढ्या मोठ्या होत्या तेवढा आकाश पसरला नाही, हे मान्य करायला हवं. पुरवठ्याच्या अडचणी आल्या आणि दोन-तीन वर्षांत स्वस्त मोबाइलनेच त्याची जागा घेतली. पण पवईत त्या काळात त्याच्यावर जे काम झालं ते मला यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. सी, पायथन, सायलॅब अशा भाषांतले प्रोग्राम टॅब्लेटवरच लिहून चालवता येतील अशी सोय केली गेली. त्यावर लिनक्स चालवून दाखवलं गेलं. आणि ‘क्लिकर’ नावाचं एक छोटं ॲप तयार झालं.

शिक्षक वर्गात विचारतो, ‘कळलं का?’ साठ माना हलतात. त्यांतल्या किती माना खऱ्या? क्लिकरमध्ये शिक्षक चार पर्यायांचा एक प्रश्न टाकतो आणि प्रत्येक मूल आपापल्या टॅब्लेटवर उत्तर दाबतं. काही क्षणांत समोर आलेख: साठांपैकी इतक्यांनी बरोबर, इतक्यांनी चूक. वर दिलेला अदलाबदलीचा प्रश्न टाकला आणि चाळीस जणांनी ‘दोन्ही आकडे बदलतील’ असं दाबलं, तर शिक्षकाला तिथल्या तिथे कळतं की पुढे जायचं नाही, पुन्हा फळ्याकडे वळायचं आहे. आणि मागच्या बाकावरच्या ज्या मुलीला सगळ्यांसमोर ‘नाही कळलं’ म्हणायचा धीर होत नाही, तिचं उत्तरही त्या आलेखात असतं. वर्गात लाजून दबलेला ‘नाही’ बाहेर काढणारं यंत्र! शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा हे छोटं ॲप शिक्षकाला जास्त नम्र करतं, असं मला मनापासून वाटतं.

याच सुमारास जगभर मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली. एमआयटी आणि हार्वर्डने २०१२ मध्ये एडएक्स सुरू केलं, आयआयटी मुंबई त्यात सामील झाली, आणि २०१४ मध्ये तिचे अभ्यासक्रम त्यावर आले. त्यांत फाटकांचा प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम होता. एडएक्सची प्रणाली २०१३ पासून मुक्त स्रोत झालेली असल्यामुळे आयआयटीने तीच वापरून स्वतःचं ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ही उभं केलं. वर्गात शंभर मुलांना शिकवायचे तेच धडे आता जगात कुणीही उघडू शकत होतं. पण फक्त पडद्यावरून शिकणाऱ्यांपैकी अनेकजण मध्येच सोडून देतात, हे जगभर दिसून आलं. शेजारी माणूस लागतोच. समन्वयकांवर आधारलेली फाटकांची जुनी रचना यामुळे आणखी पटते.

फाटक अनेक वर्षांपासून एक आग्रह धरत आले आहेत: ज्ञान मोकळं असलं पाहिजे. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी चालवलेल्या उपक्रमामागे हाच विचार होता, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि कुणालाही खुलं असलेलं मार्गदर्शन. द्रोणाने नाकारलेल्या शिष्याचं नाव या कामाला द्यावंसं वाटणं मला फार बोलकं वाटतं. अंगठा मागायचा नाही, उलट गुरुकुलाचं दारच काढून टाकायचं. शिक्षकांच्या कार्यशाळांतलं साहित्यही त्याच वृत्तीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं केलं गेलं.

त्या व्याख्यानांची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर, जळगाव या पट्ट्यात महाविद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुलांची शाळा मराठीत किंवा हिंदीत झालेली असते. घरात कुणाकडे अहिराणी, कुणाकडे नेमाडी. ‘क = क + १’ समजायला इंग्रजी लागत नाही. एखाद्या तरुण शिक्षकाने ही व्याख्यानं उतरवून घेतली, तुकडे केले, उदाहरणं बदलून इथली घातली आणि मराठीत सांगितली, तर त्याला पवईचं दार ठोठावून परवानगी मागत बसावं लागणार नाही. मूळ नाव द्यायचं, परवान्याच्या अटी पाळायच्या आणि कामाला लागायचं.